बुखारीला ऊन

बुखारी हा शब्दच मला पहिल्यापासून आवडला नाही. चंदीगडला येऊन मला वर्षसुद्धा झालं नव्हतं, पण बुखार म्हणजे ताप एवढं कळत होतं, मग तापाच्या नावाची वस्तू घरात कशाला आणायची? पोरगी सहा महिन्यांची, तिची छाती सारखी भरलेली, आणि ह्यांनी एक दिवस फौजेच्या गाडीतनं ते काळं धूड आणून आमच्या खोलीत ठेवलं. चार पाय, पुढं एक छोटं दार, डोक्यावरनं निघालेला पाइप. लोखंडाची शेगडीच ती, लाकडं घालून खोली गरम करायची, पण मला ते कोपऱ्यात एखादं जनावर दबा धरून बसल्यासारखं दिसलं.

"कुठनं आणली?" मी विचारलं.

"साहेबांची बदली झाली. मेमसाब म्हणाल्या घेऊन जा, तुमच्याकडं बाळ आहे."

"फुकट?"

"फुकट."

"मग काहीतरी खोट असणार."

"अगं, तुला सगळ्या दुनियेत खोटच दिसते," हे म्हणाले आणि पाइप खिडकीतनं बाहेर काढायला लागले. खिडकीची एक काच काढून तिथं पत्रा बसवला, पत्र्याला भोक, भोकातनं पाइप.

पण मला खोट दिसणारच. मी सातवी पास, आठवीत असताना शाळा सुटली, लग्न झालं, आणि साताऱ्याकडच्या आमच्या गावातनं एकदम ह्या शहरात, जिथं गल्ल्यांना नावं नाहीत, नुसते नंबर. सेक्टर अमुक, घर तमुक. नंबर विसरला की माणूस संपला. माझं हिंदी म्हणजे टीव्हीवर ऐकलेलं, तेही अर्धं. समोरचा बोलला की मी आधी त्याचं तोंड बघायची, हा फसवतोय का ते, आणि मग शब्द. आम्ही राहायचो एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, गच्चीवरच्या एका खोलीत. खाली मालकीणबाई, त्यांना सगळे बीजी म्हणायचे म्हणून मीही बीजी म्हणायची. थंडी पडली की बीजींच्या हातात विणकामाच्या सुया, काखेत लोकरीचा गोळा, बोलताना सुया चालू, भांडतानासुद्धा चालू.

पोरीचं सांगते. तिची छाती घरघर करायची. मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला नेलं तर नशिबानं आपली मराठी डॉक्टरीण भेटली, नागपूरकडची. तिनं छातीला नळी लावून लई वेळ ऐकलं आणि मग मला म्हणाली, "हे बघ, हिला ऊब पाहिजे. आणि धूर अजिबात चालणार नाही. दोन्ही लक्षात ठेव. गारठ्यानंही बिघडेल आणि धुरानंही बिघडेल."

मी मान हलवली. बाहेर आल्यावर मला रडू आलं, कारण ऊब म्हणजे विस्तव आणि विस्तव म्हणजे धूर, हे तर मला सातवीच्या आधीपासून ठाऊक होतं. विजेचा हीटर लावला की खालचा फ्यूज उडायचा आणि बीजी जिन्यातनं ओरडायच्या. आणि वीज तरी कुठं दिवसभर असायची.

तर ती बुखारी. हे असताना आम्ही ती दोनदा पेटवली. दोन्ही वेळा लाकडं फडफडा जळाली, पाइप बुडापासून लालबुंद झाला, खोली मात्र गारच, आणि दारातनं धुराचा एक लोळ बाहेर. पोरगी खोकून खोकून निळी व्हायला आली. मी तिला घेऊन गच्चीवर पळाले. हे म्हणाले, आतली प्लेट गेलेली दिसते, मिस्त्रीला दाखवू. आणि तिसऱ्या दिवशी ह्यांना हुकूम आला, गाडी घेऊन वर जायचं, बर्फात, दोन महिने. गेले. मी, पोरगी आणि ते धूड.

मिस्त्री बीजींनी बोलावला. सायकलवर आला, हँडलला एक पिशवी. डोक्यावर पहाडी टोपी, वय साठीच्या आसपास, मिशा पिवळट. आधी इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्यात भट्टीवर होता, कारखाना बंद पडला, तिथं आता नव्या गाड्यांची काचेची शोरूम झाली होती, आणि हा घरोघरी गीझर, तंदूर, असली कामं करत फिरायचा. हे सगळं बीजींनी सांगितलं. मी मनात म्हणलं, कारखान्यानं काढून टाकलेला माणूस, का काढलं असेल?

त्यानं दारातनं आत हात घातला, चाचपलं आणि मान हलवली. "इसका तो तालू गया, बेटी."

मी दचकले. आमच्याकडं टाळू म्हणजे बाळाच्या डोक्यावरचा मऊ भाग, रोज तेल घालते मी तिथं. ह्याला माझ्या पोरीच्या टाळूचं काय पडलंय? मी तिला छातीशी घट्ट धरलं. पण तो बुखारीबद्दल बोलत होता. आपलं तोंड उघडून त्यानं बोट आत वरच्या बाजूला लावून दाखवलं. तालू. आपण पण टाळ्याला जीभ लागली म्हणतो की. आगीच्या वर, पाइपाच्या तोंडाखाली एक आडवी प्लेट असते, तो म्हणाला, ती नसेल तर आग सरळ पाइपात पळते, ती असली की आगीला वळसा घेऊन जावं लागतं, मग ऊब खोलीत राहते. त्यानं हातानंच तो वळसा दाखवला. मला कळलं. सगळं कळलं, आणि गंमत म्हणजे त्याचा शब्द माझ्याच शब्दासारखा निघाला. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

मग त्यानं ती प्लेट दारातनं तिरकी करून बाहेर काढली. मधोमध वाकलेली, एका बाजूला तडा. आणि तिच्यावर पांढऱ्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी, भुसभुशीत झालेलं. ते बघितल्याबरोबर तो माणूस बदलला. हात मागं घेतला. "पानी लाओ. और बच्ची को हटाओ यहाँ से."

मी पाणी आणलं, पण हटले नाही, दारात उभी राहिले. त्यानं त्या पांढऱ्यावर पाणी शिंपडलं, हळूहळू, देवाला शिंपडतात तसं, मग ओलं पोतं मागितलं, त्यात ते सगळं गुंडाळलं, दोरी बांधली, सायकलच्या कॅरियरला लावलं. प्लेटपण घेतली, माप लागेल म्हणाला. एवढं सांभाळून कोण कचरा नेतं? मला खात्री पटली, ते काहीतरी किमती होतं. मेमसाबना माहीत नव्हतं, ह्यांना माहीत नव्हतं, ह्याला एकट्याला माहीत होतं आणि हा घेऊन चालला.

जाताना विचारतो, "साहब कब आएँगे?"

का विचारतो? मी म्हणलं, "परसों." सरळ खोटं बोलले. त्यानं मान हलवली, खोकला, पोरीकडं बघितलं. "कब से खाँस रही है?"

मी सांगितलं नाही. खोलीत जाऊन कडी लावली.

संध्याकाळी बीजींना म्हणलं, "वो मिस्त्री चोर तो नहीं?"

बीजींच्या सुया थांबल्या नाहीत. "चोर? ओ कमलिये, वो तो अपनी टोपी भी यहाँ भूल के जाता है. चोर क्या होगा." कमलिये म्हणजे वेडे, पण मायेनं म्हणतात, हे मला पुढं कळलं. तेव्हा वाटलं शिवी दिली. मग आवाज खाली आणून बीजी म्हणाल्या, "पर सुन. बंद कमरे में आग मत रखना. पिछली सर्दी में किसी के घर अंगीठी जलाके सो गए सब. सुबह कोई उठा नहीं."

एवढं सांगितलं आणि परत टाके मोजायला लागल्या. मी जिना चढून वर आले आणि पोरीची गादी बुखारीपासून आणखी लांब ओढली.

चार दिवसांनी तो नवी प्लेट घेऊन आला. जाड होती, मी वाजवून बघितली. त्यानं ती आत सरकवली, दोन्ही बाजूच्या कडांवर टेकवली, दाराच्या चिरेला ओली माती लिंपली. वाकून बघितलं, मग उठला आणि मला अगदी सावकाश, बहिऱ्याला सांगावं तसं सांगितलं, "अभी खाली टिकाई है. इसके ऊपर ऊन लगेगी. ऊन के बगैर जलाना मत. समझी? दो-चार दिन में आ जाएगी."

ऊन! मला इतका आनंद झाला की काय सांगू. मला धूप शब्द ठाऊक होता, बीजी रोज म्हणायच्या, धूप निकले तो बच्ची की मालिश कर ले. पण हा माणूस पहाडातला, तिकडं ऊन म्हणत असतील. आधी टाळूला तालू म्हणाला, आता उन्हाला ऊनच म्हणाला. आणि बरोबरच होतं की त्याचं. माती ओली आहे, तिला ऊन लागलं पाहिजे. चूल लिंपली तर आपण नाही का वाळू देत? ऊन लागल्याशिवाय पेटवू नको, दोन-चार दिवसांत ऊन येईल. मी म्हणलं, "समझी. पक्का समझी." आणि त्या माणसाला पहिल्यांदा चहा दिला.

तो गेला आणि दुसऱ्या दिवसापासून धुकं पडलं.

चंदीगडचं धुकं ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. समोरची झाडं गेली, रस्ता गेला, शेजारची कोठी गेली. दुपारी बारा वाजता संध्याकाळ. सूर्य म्हणून एक पांढरा डाग, तोही कधी दिसायचा, कधी नाही. मी आणि बीजींकडची भांडीवाली बाई, दोघींनी मिळून पाइप सुटा केला आणि बुखारी ओढत ओढत उंबऱ्यावरनं गच्चीवर काढली, ऊन आलं तर हातचं जाऊ नये म्हणून. उंबऱ्यावर ती धाडकन आदळली. आतनं काहीतरी वाजलं. मी आत वाकून बघितलं, अंधार. म्हणलं लोखंड आहे, वाजणारच.

एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. सकाळी उठले की आधी गच्चीवर, आभाळाकडं बघायचं. बुखारीवर प्लास्टिक टाकलं होतं, त्यावर दव साचून थेंब थेंब गळायचं. पोरीला दोन स्वेटर, टोपी, मोजे, वर माझी शाल, तरी तिचे हात गार. घरघर वाढली. रात्रंदिवस तो आवाज, भांड्यात पाणी उकळताना येतो तसा, आणि मी मोजत बसायची, आत घेतला, बाहेर सोडला, आत घेतला.

सातव्या दिवशी माझ्या डोक्यात आलं. त्याला माहीत होतं. तो इथला माणूस, पौष महिन्यात इथं ऊन पडत नाही हे त्याला माहीत नसेल? मुद्दाम सांगितलं. ऊन लागल्याशिवाय पेटवू नको म्हणजे पेटवूच नको. तोवर ती वाकडी प्लेट, ते पांढरं किमती काहीतरी, सगळं पचवलं त्यानं. आणि हे नाहीत हे त्यानं ओळखलं होतं. एकदा डोकं असं चालायला लागलं की थांबत नाही. मला वाटायला लागलं बीजी पण सामील आहेत. मेमसाब पण.

रविवारी ह्यांचा फोन आला, बीजींच्या खालच्या फोनवर. मी धावत गेले.

"पोरगी कशी आहे?"

"तशीच. अहो, तो मिस्त्री मला बरोबर वाटत नाही."

"का? काय केलं?"

"तो म्हणतो ऊन पडल्याशिवाय बुखारी पेटवायची नाही."

"ऊन? उन्हाचा काय संबंध?"

"माती वाळायला."

"मग असेल. कारागीर माणूस आहे, त्याला कळतं. तू आपलं डोकं चालवू नको." आणि फोन कटला. डोकं चालवू नको म्हणे. इथं दुसरं काय होतं माझ्याकडं चालवायला?

दहाव्या दिवशी ऊन पडलं. असं पडलं की सगळ्या सेक्टरातल्या बायका खाटा घेऊन बाहेर. मी पोरीला तेल लावून उन्हात झोपवलं आणि शेजारी बुखारी, दार उघडं करून, तोंड सूर्याकडं. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. दुसऱ्या दिवशीही. बीजी वर आल्या, बघितलं, म्हणाल्या, "इसको भी धूप सेंका रही है?" आणि हसून खाली गेल्या. मी मनात म्हणलं, हसा.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर बुखारी आत घेतली, पाइप जोडला. पेटवायची तयारी केली. लाकूड म्हणजे मार्केटातल्या दुकानांच्या मागं मिळायच्या त्या खोक्यांच्या फळ्या, नवे फ्रीज, धुण्याची मशीनं यायची त्यातनं, हलक्या, पिवळ्या, वासाच्या. आणि इथं मी एक गोष्ट केली. का केली ते तेव्हाही मला सांगता आलं नसतं. पोरीला मी खोलीत ठेवलंच नाही. टोपलीत गुंडाळून दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीजवळ ठेवलं, भिंतीच्या आडोशाला. कारण माझा त्या वस्तूवर विश्वास नव्हता. ऊन दिलं होतं, सांगितलं तसं सगळं केलं होतं, तरी नव्हता.

काडी लावली. फळ्या पेटल्या. क्षणभर बरं वाटलं, हात पुढं केले. आणि मग धूर पाइपाकडं जायचं सोडून माझ्याकडं आला. दारातनं, चिरांतनं, पाइपाच्या सांध्यातनं, सगळीकडनं. असा की मला माझा हात दिसेना. मी बुखारीचं दार लावलं तर आणखी आला. डोळे फुटले, घशात सुरी फिरल्यासारखं झालं, मी गुडघ्यावर पडले आणि उंबरा चाचपत बाहेर आले, टोपली उचलली आणि जिन्यानं खाली, ओरडत, काय ओरडत होते मला ठाऊक नाही, मराठीत ओरडत होते.

बीजी धावत आल्या. त्यांनी नाकाला ओढणी लावली, वर गेल्या, खिडकी उघडली, राखेची बादली फळ्यांवर उपडी केली. मी खाली अंगणात पोरीच्या छातीला कान लावून उभी. घरघर होती. तशीच. वाढली नव्हती. ती माझ्याकडं बघत होती आणि माझ्या काळ्या तोंडाला हसली.

त्या दिवशी आम्ही बीजींच्या खोलीत झोपलो. सकाळी बीजींनी निरोप पाठवला आणि मिस्त्री आला. सायकल लावली, पिशवीऐवजी आज मोठं गाठोडं होतं. मी वाटच बघत होते. गच्चीवर पाऊल टाकल्याबरोबर मी सुरू झाले, पोरगी कडेवर, पदर खोचलेला.

"तुमको हमको मारने का था क्या? मेरा बच्चा मर जाता!"

तो थांबला. उघड्या दारातनं आतली काळी भिंत दिसली त्याला. "जला दी? मैंने बोला था ना, ऊन के बगैर जलाना मत!"

"दिया ना ऊन! दो दिन दिया! पूरा दिन दिया!"

"ऊन दी?" तो गोंधळला. "कौन सी ऊन दी? किधर है?"

"ये क्या!" मी हात वर केला. आभाळाकडं.

त्यानं वर बघितलं. वर एक घार फिरत होती. त्यानं घारीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बेटी, ऊपर क्या है?"

"ऊन! ऊन! इतना बड़ा ऊन दिखता नहीं?"

बीजी खुर्चीत बसल्या होत्या, सुया हातात. त्यांच्या सुया पहिल्यांदा थांबल्या. माझ्याकडं बघितलं, मिस्त्रीकडं बघितलं, मग मांडीवरचा लाल लोकरीचा गोळा उचलून माझ्या नाकासमोर धरला. "ओ कमलिये, ये क्या है?"

"लोकर."

"ये उन्न है. ऊन. इसको कहते हैं ऊन."

मी गोळ्याकडं बघितलं. मिस्त्रीनं गाठोडं सोडलं. आत पांढरी, मऊ, गादीसारखी गुंडाळी, मेंढीच्या लोकरीसारखीच दिसणारी. भट्टीत घालायची लोकर. आगीनं न जळणारी. ती प्लेटच्या वर अंथरायची असते, म्हणजे प्लेट लवकर जळत नाही आणि ऊब वर पळून जात नाही. ती मिळायला उशीर झाला, एका कारखान्याची भट्टी दुरुस्तीला निघाली तेव्हा उरलेला तुकडा त्यानं मागून आणला. दो-चार दिन में आ जाएगी म्हणाला होता, ती ही.

बीजी हसायला लागल्या त्या थांबेनात. चष्मा काढून डोळे पुसले. "मैं भी कहूँ ये बुखारी को धूप क्यों सेंका रही है! अरे मैंने सोचा इनके मुल्क में रिवाज होगा!" मिस्त्री हसला नाही. आत गेला, बुखारीत हात घातला आणि प्लेट मागं सरकलेली काढून दाखवली. बुखारी उंबऱ्यावर आदळली तेव्हा ती कडांवरनं घसरून पाइपाच्या तोंडावर जाऊन बसली होती, झाकणासारखी. अजून पिना ठोकल्या नव्हत्या, कारण लोकर घातल्यावर ठोकायच्या होत्या. खाली टिकाई है, म्हणजे नुसती टेकवली आहे, म्हणाला होता तो. तेही मी ऐकलं नव्हतं, ऊन ऐकल्यावर मला पुढचं मागचं काही ऐकूच आलं नाही.

"बच्ची कहाँ थी?" त्यानं विचारलं.

"बाहर. सीढ़ी पे."

"क्यों?"

मी पोरीची टोपी नीट केली. तुमच्यावर विश्वास नव्हता असं तोंडावर कसं सांगायचं? पण त्याला कळलं असावं. "अच्छा किया," एवढंच म्हणाला.

मग त्यानं नाकाला ओलं फडकं बांधलं, हातमोजे घातले आणि मला म्हणाला, पोरीला खाली ने, ह्या लोकरीचेपण बारीक केस उडतात. मी पोरीला बीजींकडं दिलं, पण स्वतः गेले नाही, जिन्यात उभी राहून बघत होते. विश्वास असा एका गोळ्यानं येत नाही. त्यानं लोकर मापानं कापली, प्लेटवर अंथरली, पुढनं चार बोटं जागा मोकळी सोडली धुराला वळायला, पिना ठोकल्या, कापलेले तुकडे वेचून ओल्या पिशवीत भरले. भुई ओल्या फडक्यानं पुसली. स्वतःच्या घराची पुसतात तशी.

मी धीर करून विचारलं, "वो पहले वाला सफेद, वो किधर किया?"

"गाड़ दिया," तो म्हणाला. "गीला करके, गड्ढे में. वो अच्छी चीज़ नहीं थी. फैक्टरी में हमने बहुत साल वो सूखी सूखी झाड़ी. किसी ने बताया नहीं." आणि खोकला. पहिल्या दिवशी खोकला होता तसाच, खोलवरनं. "छाती में बैठ जाती है. तुम्हारे यहाँ छोटी बच्ची थी, इसलिए बोला हटाओ."

मी त्याला चोर म्हणाले होते. म्हणजे तोंडावर नाही, पण दहा दिवस मनात रोज. मी खाली बघितलं. माफी मागायचे हिंदी शब्द मला येत नव्हते आणि मराठीत मागून उपयोग नव्हता, म्हणून मी म्हणलं, "चाय?"

"पहले जलाएँगे."

जाळ केला. फळ्या पेटल्या आणि मी दाराकडं एक पाय टाकून उभी. धूर आला नाही. आत आग वर गेली, प्लेटला लागली, पुढं आली, वळली आणि मागं गेली, त्यानं हातानं दाखवलं होतं अगदी तसं. पाइप काळाच राहिला. खोलीत हळूहळू असं काहीतरी भरायला लागलं जे मी गावाकडनं आल्यापासून विसरले होते. तरी मी म्हणलं, "लेकिन वो दिखता नहीं वाला धुआँ? जिससे लोग उठते नहीं?"

आता तो पहिल्यांदा हसला. "पक्की शक्की है तू. अगरबत्ती है?"

होती. देवाजवळची. त्यानं ती पेटवली आणि बुखारीच्या दाराच्या फटीशी धरली. अगरबत्तीचा धूर सरळ वर जायचं सोडून वाकला आणि फटीतनं आत ओढला गेला, पाण्याला ओढ असते तसा. "अंदर जा रहा है तो ठीक. बाहर आए तो आग बंद, बच्ची बाहर. और ये खिड़की दो उँगल खुली, हमेशा. बर्फ गिरे तो भी. और सोने से पहले आग खत्म." त्यानं माझ्याच बोटांनी खिडकीची फट मोजायला लावली.

चहा पिऊन सायकलवर टांग टाकताना तो थांबला, आभाळाकडं बघितलं. "बेटी," तो म्हणाला, "आज ऊन अच्छी निकली है."

मी त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं, थट्टा करतोय का ते. करत होता.

पोरीला वर आणलं. बुखारीपासून चार हात लांब, खिडकीच्या बाजूला तिची गादी घातली. तिचे हात गरम झाले, मग पाय. संध्याकाळी मी तिच्या छातीला कान लावला. घरघर होती, पण मध्ये मध्ये नुसता श्वास येत होता, मोकळा, बिनआवाजाचा. ते औषधानं का बुखारीनं का दोन दिवसांच्या खऱ्या उन्हानं, मला सांगता येणार नाही. डॉक्टरीण पुढच्या वेळी म्हणाली, "काय केलंस? छान आहे छाती." मी म्हणलं, "ऊन दिलं." ती म्हणाली, "चांगलं केलंस."

हे परत आले तेव्हा मी हातात अगरबत्ती घेऊन बुखारीसमोर वाकलेली होते. ह्यांनी सामान खाली ठेवलं. "आता ह्याची पण पूजा?"

"थांबा. आत येऊ नका."

"अगं..."

"थांबा म्हणलं ना."

धुराची रेघ एकदा डळमळली. मग वाकली आणि फटीतनं आत गेली. तेव्हा मी पोरीला उचलून जवळ आणलं.